शिसं तपासायचं तर रक्त द्यावं की केस?

उद्यमनगरातल्या फाउंड्रीत किंवा बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. माझं मत स्पष्ट आहे, रक्त द्या.

केसांची तपासणी सोपी वाटते. सुई नाही, कात्रीनं मानेजवळची बट कापली की झालं, आणि रिपोर्टात एकदम वीस-तीस धातूंचे रंगीत पट्टे. पण केसांवर बसलेली धूळ, मेंदी, डाय, शाम्पू हे सगळं त्या आकड्यात मिसळतं. शरीराच्या आतलं किती आणि बाहेरून चिकटलेलं किती, हे नीट वेगळं करता येत नाही. एकच केस दोन लॅबना दिले तर आकडे जुळतीलच असं नाही. अशा रिपोर्टवर 'डिटॉक्स'ची औषधं सुरू करू नका, कळकळीनं सांगतो. धातू बाहेर काढणारी खरी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

रक्तातल्या शिशाला मात्र ठरलेली मोजपट्टी आहे. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी अमेरिकेत २०२१ पासून ३.५ धरतात. बोटाला टोचून काढलेल्या रक्तात आकडा जास्त आला, तर शिरेतून पुन्हा द्यावं, कारण बोटावरचं शिसंही त्यात उतरतं. रक्त मुख्यतः अलीकडचा संपर्क दाखवतं, हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं त्यात पुरतं दिसत नाही.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर शिशाची धूळ घरी येऊ नये म्हणून कामाचे कपडे कारखान्यातच बदला.