बारा पिशव्यांचं परसबाग किट: पिशव्या चांगल्या, खत अपुरं, ड्रीपर बदलायचेच

कृषी सेवा केंद्रांत आणि ऑनलाइन गच्चीवरच्या भाजीची किट आता सगळीकडे दिसतात. नमुना साधारण एकच: १२ बाय १२ इंची बारा ग्रो बॅग, पाच किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, दहा किलो गांडूळखत, किलोभर निंबोळी पेंड, बियांच्या पुड्या आणि ठिबकचा छोटा संच. मराठवाड्यातल्या घरासाठी यातला कामाचा माल म्हणजे पिशव्या आणि ठिबक. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात पाइप हातात धरून भाजीला पाणी सोडणं कुणाला परवडेल? ठिबक हवंच. पण किटमधलं ठिबक जसंच्या तसं जोडलं तर बऱ्याच घरांत ते नीट चालत नाही.

अडचण दाबाची आहे. अनेक संचांत प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर देतात, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारी ठिबकची तोंडं. शेतात मोटरीवर ते उत्तम चालतात, कारण त्यांना साधारण अर्धा ते एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब लागतो. घरच्या टाकीतून मात्र दर मीटर उंचीला ०.१ किलोच दाब मिळतो. टाकी गच्चीवर दीड मीटर उंच कट्ट्यावर असली तरी पिशवीपाशी ०.१५ किलो. एवढ्यावर ड्रीपरमधला रबरी पडदा नीट काम करत नाही. काही ड्रीपर थेंब देतात, काही कोरडेच राहतात, आणि आठवड्यानं कडेची मिरची वाळलेली दिसते. म्हणून साधे, उघडून धुता येणारे, ताशी ८ लिटरचे ड्रीपर बसवा. या कमी दाबावर त्यांतून ताशी तीन लिटरच्या आसपास पाणी येतं. मे महिन्यात मोठ्या झाडाला दिवसाला दोन लिटर लागतात, म्हणजे सकाळी सहाला चाळीस मिनिटं. बारा पिशव्यांना मिळून दोन बादल्या. पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक बाटली ठेवून पाणी मोजा. फार फरक आला तर टाकीकडून येणारी नळी ड्रीपरच्या रांगेच्या टोकाऐवजी मधोमध जोडा. टायमर घेणार असाल तर बॉल व्हॉल्व्हचा घ्या. साध्या सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या झडपेचा) बहुधा एवढ्या दाबावर उघडत नाही.

बोअरच्या क्षारांनी ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. टाकीच्या तोटीनंतर १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) जाळीची गाळणी बसवा आणि महिन्यातून एकदा ड्रीपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आरओचं वाया जाणारं पाणी पिशवीत ओतू नका. त्यात क्षार आणखी दाट असतात, ते मातीत साठतात आणि पानांच्या कडा करपतात.

आता माती. १२ इंची पिशवीत वरची दोन इंच मोकळी ठेवली तरी १८ लिटर भरणा लागतो, बाराचा मिळून सव्वादोनशे लिटरच्या आसपास. किटमधली वीट भिजून ६० ते ७० लिटर होते आणि गांडूळखत पंधरा-सतरा लिटर. म्हणजे ‘सर्व साहित्यासह’ म्हणून विकलेल्या किटमधून पाच पिशव्याही भरत नाहीत. हे खोक्यावर ठळक लिहायला हवं. उरलेल्या भरण्यासाठी लोक शेतातली काळी माती आणतात आणि इथंच फसतात. नुसती काळी माती वाळली की आकसते, पिशवीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पाणी सरळ खाली निघून जातं. वरून ओलं दिसतं, मुळं तहानलेली राहतात. एका पिशवीला आठ लिटर पोयट्याची (नदीकाठची गाळाची, भुसभुशीत) माती, पाच लिटर पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, चार लिटर कोकोपीट, लिटरभर जाड वाळू आणि ८० ग्रॅम निंबोळी पेंड घ्या. या हिशेबानं किटमधलं कोकोपीट आणि पेंड बारा पिशव्यांना पुरतात, खत तेवढं आणावं लागतं. वर दोन इंच सोयाबीनचं भुसकट पसरा.

पिशव्या २२० जीएसएम (चौरस मीटरला २२० ग्रॅम) किंवा त्याहून जाड आणि यूव्ही प्रक्रिया केलेल्या, म्हणजे ऊन सोसणाऱ्या, असतील तरच घ्या, नाहीतर एक-दोन उन्हाळ्यांत त्यांचा भुगा होतो. प्रत्येक पिशवी दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी निथळतं आणि स्लॅब ओला राहत नाही. ओली पिशवी वीस-पंचवीस किलोची होते. बाराही गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंती आणि बीमच्या रेषेवर मांडा. माळवदाच्या (लाकूड-मातीच्या छताच्या) घरावर तर हे ओझं चढवूच नका, परसात मांडा.

मांडणीत पश्चिमेच्या कडेला वेलांचा मांडव घ्या. दुपारचं ऊन तो अडवतो आणि त्याच्या पूर्वेला मेथी, पालक, चुका टिकतात. किटमधल्या नायलॉन जाळीपेक्षा तुराट्यांचा (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) ताटवा भक्कम, आणि दिसतोही देखणा. मात्र दोडका, दुधी १२ इंची पिशवीत भागत नाहीत. त्यांना १८ इंची वेगळी पिशवी घ्या. पुढच्या रांगेत लाल देठांच्या अंबाडीशेजारी शेपू लावा, कोपऱ्यांत झेंडू. मधून दोन फुटांची वाट सोडा. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट लागतेच, ती किटमध्ये नसते.

बियांच्या पुड्यांत ब्रोकोली आणि लाल कोबी घालून पुडीसंख्या वाढवलेली असते. मार्चमध्ये पेरलं तर ही दोन्ही वाया जातात, ती थंडीची पिकं. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ वाण मागून घ्या. ते सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे दोन फळं झाडावर पूर्ण वाळू दिली तर पुढच्या हंगामाचं बी घरचंच होतं. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली भांडी घासायचं द्रावण ढवळून संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.