टायमिंग बेल्टचा स्टिकर नवा, आतला बेल्ट जुना

माझ्या गाडीच्या बॉनेटखाली एक पांढरा स्टिकर आहे. त्यावर पेनाने तारीख, त्या दिवशीचं रीडिंग आणि ‘टायमिंग बेल्ट बदलला’ असं लिहिलंय. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा. तो मी मुद्दाम काढलेला नाही. तो चिकटवल्यानंतर चार महिने, त्याच्यापासून हातभर अंतरावर, प्लास्टिकच्या झाकणाआड जुनाच बेल्ट फिरत होता आणि मी निर्धास्त गाडी चालवत होतो.

गाडी २००४ची लेक्सस एलएक्स ४७०. घेतली तेव्हाच रनिंग ३ लाख १२ हजार किलोमीटर झालेलं. ज्यांनी मला ती विकली त्यांनी काहीही लपवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. सस्पेन्शन कडक झालंय, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नाही, गिअरबॉक्सच्या ऑइलला कोणी हात लावलेला नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मला फसवलं ते गाडी ज्याच्याकडे बरी करायला दिली त्याने.

ही गाडी टोयोटाच्या लँड क्रूझर १०० मालिकेवर बेतलेली. १९९८ ते २००७ या काळात विकली गेली. ४.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, खाली जाडजूड चेसिस, वजन जवळपास अडीच टन. नीट सांभाळलं तर हे इंजिन पाच लाख किलोमीटरचा पल्लाही सहज गाठतं, म्हणून तर जास्त रनिंगची गाडी घ्यायचं धाडस केलं. पण सांभाळणं म्हणजे नुसतं इंजिन ऑइल आणि फिल्टर नव्हे. या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो ९० हजार मैलांनी, म्हणजे सुमारे १ लाख ४५ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. त्याच्यासोबत बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणाऱ्या दोन्ही आयडलर पुली आणि वॉटर पंपही बदलून घेतात, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि तिथपर्यंत पोचायला गाडीचं सगळं तोंड उघडावं लागतं. सस्पेन्शन हायड्रॉलिक. प्रत्येक चाकामागे नायट्रोजन भरलेला एक गोळा, त्याला ग्लोब म्हणतात. आतल्या पडद्याच्या एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल. खड्ड्याचा हादरा तो वायू पचवतो. वर्षं गेली की वायू हळूहळू निघून जातो, आणि गाडी बैलगाडीसारखी आदळायला लागते.

मी कामांची यादी करून एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. मालक बोलायला मृदू, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. मी ग्लोब म्हणायच्या आधी तोच म्हणाला, “साहेब, चारही ग्लोब गेलेत. बेल्टसोबत पंप घालूनच टाका, नाहीतर पुन्हा तेवढीच मजुरी पडेल.” शब्दन् शब्द बरोबर होता. मी तिथेच विरघळलो. ज्याला गाडी एवढी कळते तो काम नीटच करणार, असं मी गृहीत धरलं.

अकरा दिवस गाडी तिकडे होती. घ्यायला गेलो तर बॉनेट उघडून ठेवलेलं, इंजिन धुऊन लख्ख. बॅटरीचे टर्मिनल घासलेले, एअर फिल्टर नवा. मागच्या बाजूला हीटरच्या पाइपांत प्लास्टिकचे दोन टी-जोड असतात. ते जुने झाले की बोटाने दाबलं तरी बिस्किटासारखे फुटतात आणि सगळं कूलंट रस्त्यावर जातं. तेही नवे बसवलेले दिसले. सस्पेन्शनच्या टाकीत स्वच्छ, आरपार दिसणारं तेल. बिलात बेल्ट, टेन्शनर, पुली, पंप, चार ग्लोब, सस्पेन्शनचं सगळं तेल, गिअरबॉक्सचं ऑइल, पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं ऑइल आणि प्रोपेलर शाफ्टचं ग्रीसिंग. जुने पार्ट मागितले तेव्हा म्हणाला, “ते भंगारवाला कालच घेऊन गेला, साहेब.” मी मान डोलावली. त्या क्षणी हटून बसायला हवं होतं. काढलेले पार्ट माझे होते, ते परत मागण्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिले काही दिवस मला गाडी खरंच मऊ वाटली. इतका खर्च केल्यावर माणसाला फरक जाणवतोच, असं आता वाटतं. मग एका उखडलेल्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसलेली बायको म्हणाली, “पूर्वीइतकीच आदळतेय की.” ती गाडीतलं काही जाणत नाही, म्हणूनच तिने जे होतं ते सांगितलं.

या गाड्या वर्षानुवर्षं सांभाळणारे लोक एक साधी चाचणी करतात. मला ती तेव्हा माहीत नव्हती. सस्पेन्शनच्या तेलाच्या टाकीवर आडव्या खुणा असतात. गाडी सपाट जागी, इंजिन चालू. बटण दाबून गाडी सर्वांत खाली आणायची आणि तेल कुठल्या खुणेवर आहे ते बघायचं. मग सर्वांत वर चढवायची आणि पुन्हा बघायचं. खाली असताना तेल टाकीत परत येतं, वर चढताना टाकीतून जातं. ग्लोब नवे असतील तर दोन पातळ्यांत साधारण १४ खुणांचा फरक पडतो. फरक ७ किंवा त्याहून कमी आला तर ग्लोब संपले असं धरतात. हत्यार लागत नाही, पाच मिनिटंही लागत नाहीत. माझ्या गाडीत फरक आला ५. तीनदा करून पाहिलं, तीनदा ५. चार महिन्यांपूर्वी नवे घातलेले ग्लोब इतक्यात संपत नाहीत.

मग एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. मी बिल पुढे केलं, त्यांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. “आधी गाडी बघू,” एवढंच म्हणाले. गाडी वर घेतली.

पहिल्यांदा त्यांनी गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगवर टॉर्च मारला. प्लग आणि आजूबाजूचं पत्र्याचं अंग यांवर एकसलग, सुकलेल्या चिखलाचा थर होता, कुठेही भेग नाही. प्लग कोणी फिरवला असता तर तो थर तुटला असता, आणि खाली नवा वॉशर चकाकताना दिसला असता. माझ्या गाडीच्या या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. ऑइल ठरावीक तापमानाला आणून, ओव्हरफ्लोच्या भोकातून थेंब पडेपर्यंत भरून पातळी ठरवायची असते. म्हणजे मालकाला स्वतः बघायची काही सोयच नाही, आणि ते त्या गॅरेजवाल्याला पक्कं माहीत होतं. मी फोन काढेपर्यंत काकांनी सवयीप्रमाणे तारेच्या ब्रशने प्लग साफ करून टाकला. वर्षानुवर्षांची शिस्त त्यांची, माती आत जाऊ नये म्हणून. त्यांना काय बोलणार.

शाफ्टचे ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, तशीच, त्यांवरची धूळ कोरडी. ताजं ग्रीस भरलं असतं तर जोडांच्या कडांतून थोडं तरी बाहेर आलं असतं.

मग ग्लोब. दुरून बघितलं तर चारही काळेभोर, नवे कोरे. काकांनी नखाने एका ग्लोबची कड खरवडली. काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गंज. रंगाखाली वाळूचे कण अडकलेले हाताला लागत होते. फवारा मारताना बाजूच्या ब्रॅकेटवर आणि एका बोल्टच्या माथ्यावरही रंग उडाला होता. ग्लोब आणि ज्यात तो आटे देऊन बसतो तो भाग यांच्या सांध्यावरून रंग अखंड गेला होता. म्हणजे जागेवरून न हलवताच रंगवलेले. या वेळी मी आधी फोटो काढले, मग काकांना हात लावू दिला.

त्यांनी ग्लोबाजवळचा ब्लीडर, म्हणजे तेल काढायचा छोटा स्क्रू, उघडून तेल पारदर्शक नळीतून बाटलीत घेतलं. काळपट करडं, वाटलेल्या कोळशाच्या पाण्यासारखं. वरच्या टाकीत स्वच्छ तेल, खालच्या नळ्यांत हे. पिचकारीने टाकीपुरतं तेल ओढून नवं ओतलं होतं, कारण मालक बघतो ती टाकीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हीटरचे टी-जोड खरंच बदलले होते, फिल्टर खरंच बदलला होता, इंजिन खरंच धुतलं होतं. बॉनेट उघडल्यावर नजर जिथे जाते तेवढी सगळी कामं झाली होती. नजर पोचत नाही ती सगळी फक्त बिलात झाली होती. हा माणूस अडाणी नव्हता. कुठलं काम मालकाला दिसत नाही, हे त्याला कंपनीच्या मॅन्युअलइतकं पाठ होतं.

बेल्टचं वरचं झाकण उघडताना मात्र माझे हात गार पडले होते. थोडे बोल्ट काढले की एका बाजूचं झाकण सुटतं आणि बेल्ट दिसतो. नव्या बेल्टच्या पाठीवर छापील अक्षरं आणि बसवताना जुळवायच्या रेघा असतात. माझ्या बेल्टवर एक अक्षर उरलं नव्हतं. पाठ आरशासारखी गुळगुळीत, आणि वाकवल्यावर बारीक भेगा. वॉटर पंपाच्या खाली सुकलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा. पंप कधीपासून पाझरत होता आणि ते पाणी बेल्टच्या शेजारी सुकत होतं. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागेवर बंद पडतं, स्टीअरिंग जड होतं. त्या चार महिन्यांत मी दोनदा आईला घेऊन रात्रीचा लांबचा प्रवास केला होता. खर्चाचा राग ओसरला, ही गोष्ट अजून ओसरत नाही.

काकांनी काम केलं ते माझ्यासमोर. आधी निदानयंत्र लावून सस्पेन्शनचा दाब वाचला. मागचा दाब जास्त निघाला. मागच्या स्प्रिंगा दमल्या होत्या, त्यांचा भार हायड्रॉलिकवर येत होता. नुसते ग्लोब बदलून भागलं नसतं, स्प्रिंगाही घालाव्या लागल्या, पुढचे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) थोडे फिरवून दाब जुळवावा लागला. आधीच्या गॅरेजमध्ये दाब कोणी वाचलाच नव्हता. ग्लोब गेलेत हे पहिल्या मिनिटाला सांगणारा माणूस काहीच न मोजता सांगत होता, आणि मला तीच हुशारी वाटली होती. काम झाल्यावर खुणा मोजल्या, १४. जुने ग्लोब, जुना बेल्ट, जुना पंप काकांनी न मागता पोत्यात भरून डिकीत ठेवले.

ते पोतं घेऊन मी पहिल्या गॅरेजवर गेलो. मालकाने आधी पोराने केलं असेल म्हटलं, मग पार्ट पुरवणाऱ्याने जुना माल दिला म्हणाला. रंग उडालेल्या बोल्टचा फोटो दाखवल्यावर गप्प झाला. झाकणाखालच्या बेल्टचा फोटो होता, त्यात शेजारचा स्टिकरही दिसत होता. बेल्टचे आणि ग्लोबांचे पैसे तीन हप्त्यांत परत करायचं त्याने कबूल केलं. दोन आले, तिसऱ्याची वाट बघतोय. बिलावर गाडीचा चेसिस नंबर आणि रीडिंग लिहून घेतलं होतं, तेवढं एक काम मी सुरुवातीला बरोबर केलं होतं. नाहीतर हे फोटो दुसऱ्याच गाडीचे आहेत म्हणायला तो मोकळा होता.

गिअरबॉक्सचं ऑइल मात्र आपण बदललं होतं, असं तो आजही छातीठोक सांगतो. चिखलाचा तो थर काकांनी आणि मी दोघांनी डोळ्यांनी पाहिला. फोटो माझ्याकडे आहे तो घासून साफ केलेल्या प्लगचा.