वर्षाचा चारा धरताना: कडबा की मुरघास?

सहा ते दहा संकरित गाई आहेत, विहिरीला जानेवारीअखेरपर्यंत पाणी पुरतं आणि यंदा वर्षाचा चारा एकदम धरायचा विचार आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी सांगोला तालुक्यातला. गाई आठ. चार वर्षं कडब्यावर, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या धाटांवर काढली; तीन वर्षं झाली मुरघासावर, म्हणजे हिरव्या मक्याची बारीक कुट्टी करून हवाबंद बॅगांत मुरवलेल्या चाऱ्यावर आहे. मुरघास कसा भरायचा, कडब्याची कुट्टी किती घालायची हे तुम्हाला माहीत आहेच, त्यात शिरत नाही.

आधी हिशेब. दुधाचा दर आपण ठरवत नाही. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये जाहीर केले आणि वर्ष सरेपर्यंत आमच्या हातात २६ ची पावती पडू लागली. जानेवारी २०२४ पासून ५ रुपये अनुदान आलं, तेही गाईच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद असेल तरच. पेंडीचा भाव बाजारावर. राहता राहिला चारा. तो किती रुपयांना पडणार हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवून ठेवता आलं, तर निदान वहीतली एक ओळ पक्की होते. दोन्हींची तुलना मी याच एका गोष्टीवर करतो.

कडब्याची बाजू कमकुवत अजिबात नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीचा कडबा असेल तर गाय बुडख्यापर्यंत खाते. गंज नीट रचून झाकली तर दुसऱ्या वर्षीही कामाला येतो. कोरड्या चाऱ्याच्या हिशेबाने बघितलं तर सुगीत घेतलेला कडबा मुरघासापेक्षा स्वस्तच पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. माझा मुरघास बियाणं, खत, कुट्टी, बॅगा आणि घरची मजुरी धरून किलोला चार रुपयांच्या आसपास जातो, पण त्यात दोन तृतीयांश पाणी असतं. म्हणजे कोरडा धरला तर बारा रुपये.

पण सुगीत सगळा कडबा भरायला पैसा कुठे असतो? मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरायचं असतं. म्हणून आम्ही निम्मा फेब्रुवारीत घ्यायचो, उरलेला लागेल तसा. आणि इथेच माझं गणित बिघडलं.

कडबा शेकड्यावर मिळतो. दर ठरतो शंभर पेंढ्यांचा, वजनाचा नाही. एका वर्षी फेब्रुवारीत १८०० रुपये शेकड्याने घेतला. मे महिन्यात तोच २४०० झाला. उन्हाळ्यात एवढं वाढायचंच म्हणून गाडी उतरवून घेतली. संध्याकाळी वैरण टाकताना बायको म्हणाली, "अहो, पेंढी हाताला हलकी लागतीय." गंजीत खाली जुन्या पेंढ्या शिल्लक होत्या. दोन्हीतल्या दहा-दहा काढून काट्यावर टाकल्या. फेब्रुवारीची पेंढी सरासरी अडीच किलोची भरली, मेमधली एक किलो सहाशे ग्रॅमची. म्हणजे किलोचा भाव सव्वासात रुपयांवरून पंधरावर गेला होता. शेकड्याचा दर तिसऱ्या हिश्शाने वाढलेला दिसत होता, चारा मात्र दुपटीने महागला होता. विकणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. बांधणाराचा हात, धाटाची उंची, हलकं रान, सगळ्याचा फरक पडतो. पण ज्या मालाची मापंच हंगामागणिक बदलतात, त्याचं अंदाजपत्रक मांडायचं कसं? त्या दिवसापासून कडब्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

मुरघासात ही डोकेदुखी नाही. दोन एकरात वर्षातून दोनदा मका घेतो, पन्नास-साठ टन भरतो. दाणा चिकात, म्हणजे कोवळा असताना कापला, बॅगा दाबून भरल्या की खर्च तिथेच संपला. जानेवारीत वहीत लिहिलेला आकडा मेमध्ये तोच असतो. कणसासकट कुट्टी असल्याने पेंडही थोडी कमी लागते. किती, ते मोजलेलं नाही. पण महिन्याला एखादं पोतं वाचत असावं.

त्रास आहेत. पैसे एका आठवड्यात ओतावे लागतात. कुट्टीवाला आपल्या तारखेला येत नाही. पहिल्या वर्षी उंदराने दोन बॅगा कुरतडल्या, हवा शिरली आणि वरचा हातभर थर बुरशीने गेला. तो उकिरड्यावर टाकताना जीव तुटला. आता बॅगा ओट्यावर ठेवतो आणि आठवड्याला फिरून भोकांना चिकटपट्टी लावतो. मक्यावर लष्करी अळी येते, तिच्या फवारणीचा खर्चही धरून चाला.

उभा मका गुंठ्यावर विकत घेऊन मुरघास करायचा असेल तर मात्र जरा थांबा. मक्याच्या दाण्याला आता इथेनॉल बनवण्यासाठीही मागणी आहे. हमीभावच २०२३-२४ मध्ये क्विंटलला २०९० होता, पुढच्या वर्षी २२२५ झाला. दाण्याला भाव दिसला की शेतकरी हिरवा मका कशाला देईल? तिथे दराचा धोका परत तुमच्याच अंगावर येतो.

पाणी नसेल, दोन खिलार बैल आणि एखादी म्हैस एवढंच असेल, तर कडबाच बरा. बॅगांच्या भानगडीत पडू नका. मीसुद्धा कडबा पूर्ण सोडलेला नाही. रवंथासाठी गाईला दिवसाला दोन-तीन किलो सुका चारा लागतोच, तेवढा फेब्रुवारीत घेऊन ठेवतो. पण आठ गाईंचा मुख्य चारा म्हणून मला विचाराल, तर घरच्या मक्याचा मुरघास.

आणि कडबाच घ्यायचं ठरलं, तर गाडी उतरवण्याआधी दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि क्विंटलने दर देता का, असं विचारून बघा. मी दरवर्षी विचारतो. अजून कोणी हो म्हणालेलं नाही.