तपासणी रिपोर्टमध्ये उघडी सर्व्हिस वायर लपवली, जुनं घर घेणाऱ्यांनी नक्की वाचा

जुनं घर घेताना आम्ही पैसे मोजून तपासणी करून घेतली होती आणि तरीही फसलो, म्हणून हे लिहितेय. तपासणी करणारा माणूस एजंटनेच सुचवलेला, खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. दोन तास घरभर फिरला, प्रत्येक सॉकेट तपासला, आरसीसीबीचं (शॉक बसला तर वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून दाखवलं, आणि रिपोर्टमध्ये इलेक्ट्रिकलच्या समोर 'समाधानकारक' असं लिहून दिलं. त्याच्या भरवशावर आम्ही व्यवहार पूर्ण केला.

राहायला आलो आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर मागच्या भिंतीवर काळी टेप लोंबताना दिसली. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर भिंतीला टेकून मीटरच्या पेटीकडे वळते ना, बरोबर त्या वळणावर. मोबाईलने झूम करून बघितलं तर वीतभर वायरचं आवरण उन्हाने तडकून गळून गेलेलं, आत ॲल्युमिनियमच्या करड्या तारा उघड्या, आणि लोखंडी क्लॅम्प तिथून जेमतेम बोटभर लांब. माझ्या पोटात गोळाच आला, कारण आदल्या दिवशी ह्यांनी त्याच भिंतीला लोखंडी शिडी लावून पन्हळ साफ केली होती.

मला वाटलं मेन स्विच बंद केला की झालं. वायरमन दादा आले, त्यांनी लांबूनच बघितलं आणि हात लावायला साफ नकार दिला. म्हणाले, ताई, ही वायर मेन स्विचच्या आधीची आहे, तुम्ही घरातलं सगळं बंद केलंत तरी हिच्यात करंट असणारच. तुमची एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच), आरसीसीबी सगळं हिच्या पुढे बसवलेलं, त्यामुळे इथे कुणाला शॉक बसला तर त्यातलं काहीही ट्रिप होणार नाही, खांबाकडचा फ्यूज एवढाच काय तो आधार आणि तो माणूस वाचवायला नसतो, शॉर्ट झालं तर उडायला असतो. म्हणजे ते टेस्ट बटण बघून मी जी निश्चिंत झाले होते त्याचा ह्या वायरशी काही संबंधच नव्हता.

मग मी तपासणीवाल्याकडून सगळे मूळ फोटो मागवले आणि त्यानेही काही विचार न करता पाठवून दिले. रिपोर्टमध्ये मीटरच्या पेटीचा एक फोटो आहे. मूळ फोटोत त्याच पेटीच्या वर उघडी वायर स्पष्ट दिसते, तेव्हा टेपही नव्हती. रिपोर्टमध्ये वरचा तेवढाच भाग कापलेला. म्हणजे त्याला दिसलं होतं, आणि तपासणी ते ताबा ह्या मधल्या काळात कुणीतरी टेप गुंडाळून वर भिंतीचाच रंग फासला.

विचारल्यावर म्हणतो, मीटरच्या आधीची, खांबाकडची वायर वीज कंपनीची, आमच्या कामात येत नाही. अहो, दुरुस्ती तुम्ही करायची नाही हे मान्य, पण दिसलेला धोका लिहायला कोणी अडवलं होतं? एक ओळ लिहिली असती तर व्यवहाराआधीच कंपनीकडे अर्ज गेला असता.

तुम्ही घर बघत असाल तर खांबापासून मीटरपर्यंतची वायर जमिनीवर उभं राहून स्वतः बघा, टेप दिसली किंवा वायरवर ताजा रंग दिसला तर विचारा, मूळ फोटो रिपोर्टसोबतच मागा आणि सर्व्हिस वायरबद्दल वेगळी ओळ लिहून घ्या. आणि उघडी वायर दिसलीच तर स्वतः टेप लावायला जाऊ नका, मुलांना आणि शिडीला तिथून लांब ठेवा आणि सरळ वीज कंपनीला कळवा. आमच्याकडे त्यांच्या लोकांनी खांबावरून सप्लाय तोडला आणि अख्खी वायरच बदलली.

तपासणीवाला आता फोन उचलत नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी प्रिंट करून मी लेखी तक्रारीला जोडलेत, उत्तराची वाट बघतेय.