कोर्टलिसनर : निकाल पूर्ण, कागदपत्रे अर्धी

अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या व्यक्तीवर फौजदारी खटला झाला, तर प्रत्यक्ष तुरुंगवास किती घडला यापेक्षा निकालपत्रात शिक्षा किती लिहिली गेली, हे पुढे अधिक महत्त्वाचे ठरू शकते. चोरीच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा सुनावून ती स्थगित केली आणि आरोपीने एक दिवसही कोठडीत काढला नाही, तरी स्थलांतर कायद्याच्या लेखी तो गुन्हा ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे हद्दपारीस पात्र गंभीर गुन्हा, ठरू शकतो व हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते. याच कारणाने कॅलिफोर्नियाने २०१५ पासून किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. असे वाद ज्या संघीय अपील न्यायालयांपर्यंत पोहोचतात, त्यांचे निकाल वाचण्यासाठी मी ‘कोर्टलिसनर’ हे संकेतस्थळ वापरतो. ‘फ्री लॉ प्रोजेक्ट’ ही ना-नफा संस्था ते चालवते आणि वाचनासाठी पैसे घेत नाही.

खटल्यांची कागदपत्रे ऑनलाइन पाहण्याची संघीय न्यायालयांची स्वतःची व्यवस्था म्हणजे ‘पेसर’. तेथे पानामागे १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला बहुधा कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीचे बिल ३० डॉलरच्या आत राहिले तर ते माफ होते. निकाल तेथेही फुकट मिळतात, परंतु खटल्याचा क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाने सुरुवात कोठून करावी, याचे उत्तर पेसरकडे नाही. कोर्टलिसनरवर निकालाच्या मजकुरातच शोध घेता येतो आणि तो एका सर्किटपुरता, म्हणजे ठरावीक राज्यांसाठीच्या एका संघीय अपील न्यायालयापुरता, मर्यादित करता येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्याने तिसरे, टेक्सासमधल्याने पाचवे, कॅलिफोर्नियातल्याने नववे सर्किट निवडावे, कारण एका सर्किटचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. ‘प्रकाशित’ निकालांची चाळणीही अवश्य लावावी. स्थलांतराच्या प्रकरणांतले बहुतेक निकाल ‘अप्रकाशित’ असतात. वकील त्यांचा दाखला देऊ शकतो, पण पुढच्या खटल्यांवर ते बंधनकारक नसतात.

या संकेतस्थळाचे खरे बळ मला ‘साइटेड बाय’ या, एखाद्या निकालाचा दाखला देणाऱ्या पुढच्या निकालांच्या यादीत दिसते. जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन खटल्यात, शस्त्र बाळगणाऱ्या सराईत गुन्हेगारांना किमान १५ वर्षांची शिक्षा ठरवणाऱ्या कायद्यातील ‘हिंसक गुन्हा’ या व्याख्येचा एक भाग संदिग्ध म्हणून रद्दबातल केला. प्रश्न निव्वळ शिक्षेचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवव्या सर्किटने तोच तर्क, घरफोडीत दोषी ठरलेल्या फिलिपिन्सच्या एका ग्रीन कार्डधारकाच्या, म्हणजे डिमायाच्या, हद्दपारीला लावला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी उचलून धरला. शिक्षेच्या कायद्यातला निकाल स्थलांतराच्या कायद्यात कसा शिरतो, हे जॉन्सनच्या पानावरून एकेक दुवा उघडत गेल्यास स्पष्ट दिसते. पाठ्यपुस्तकातून ते इतके चटकन उमगले नसते.

उणिवाही आहेत. एखादा निकाल पुढे फिरवला गेला की नाही, याची वेस्टलॉ किंवा लेक्सिस या सशुल्क कायदेसंग्रहांसारखी ठळक खूण येथे मिळत नाही. दाखले देणारे नवे निकाल स्वतःच वाचावे लागतात, आणि सामान्य वाचकासाठी हा धोका लहान नाही. दुसरी उणीव कागदपत्रांची. ‘रीकॅप’ हे ब्राउझरमध्ये बसवायचे साधन, कोणी पेसरवरून विकत घेतलेला दस्तऐवज या संकेतस्थळाच्या सामायिक संग्रहात जमा करते. त्यामुळे शिक्षेच्या अपिलांत दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद हाती लागू शकतात. स्थलांतराच्या याचिकांत मात्र नियमच आडवा येतो : आश्रय मागणाऱ्यांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून त्रयस्थाला दूरस्थपणे केवळ नोंदवही, आदेश व निकाल पाहता येतात आणि बाकीचे कागद न्यायालयात जाऊनच वाचावे लागतात. हा दोष संकेतस्थळाचा नव्हे, तरीही निकालात वकिलाचा जो मुद्दा दोन ओळींत निकालात काढलेला असतो, तो मुळात कसा मांडला होता, हे घरबसल्या कळत नाही.

त्यावर अर्धा उपाय याच संकेतस्थळावर आहे. अपील न्यायालयांतील तोंडी युक्तिवादांच्या ध्वनिफितींचा मोठा संग्रह येथे असून तो नावाने व न्यायालयानुसार शोधता येतो. ज्या स्थलांतर प्रकरणात तोंडी सुनावणी झाली असेल, त्यात निकाल वाचण्याआधी ती ध्वनिफीत ऐकावी. न्यायाधीश कोणत्या प्रश्नावर अडून बसले होते, हे निकालापेक्षा तेथे लवकर समजते.