नऊवारीत एक वीत कमी

राजवाड्याजवळच्या एका दुकानातून सासूबाईंसाठी नऊवारीचं सुती कापड घेतलं. पोत सुरेख, काठ पक्का, दोन धुण्यांत रंग गेला नाही. पण भैय्याने थानातून आठ मीटर फाडून दिलं. म्हणे, ‘माताजी, नौ वार ही तो हुआ!’

घरी टेप लावली. वार म्हणजे ३६ इंच, ०.९१४४ मीटर, नऊ वारांचे ८.२३ मीटर होतात. इथे २३ सेंटिमीटर कमी. सासूबाईंनी नुसती बोटं पसरली: बरोब्बर एक वीत! (हिशेब त्यांचा आधी झाला, माझा मोबाइलवर मागाहून.) काष्टा ओढून ओढून बसवावा लागतो. परत गेले तर थोडे पैसे सोडले. कापड फाडलेलं, ते कुठून जोडणार? तीन तारे, तेही काठासाठी.