गोव्याच्या पावसात टिकणारा राइडिंग मोवर: आधी डेकखाली वाकून बघा

शोरूममध्ये राइडिंग मोवर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, दिसला की माणूस आधी सीटवर बसतो, स्टिअरिंग फिरवून बघतो आणि विचारतो, "किती हॉर्सपॉवर?" गोव्यात हे यंत्र हॉर्सपॉवर कमी पडून क्वचितच बंद पडतं. पावसाळ्यात त्याचा डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, आतून सडतो, चढावर गिअरबॉक्स तापून दम सोडतो आणि डिसेंबर ते मे नुसतं उभं राहून कार्ब्युरेटर चिकटतो. म्हणून परीक्षा खालून वर करायची. इंजिनाची पाळी शेवटी.

त्याआधी, मुळात हे यंत्र हवं का? इथे जमीन चौरस मीटरमध्ये बोलतात, तर हिशेबही त्यातच करू. ४२ इंची डेक एका फेरीत १०७ सेंटिमीटरचा पट्टा कापतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने, वळणं आणि एकमेकांवर येणारे पट्टे वजा केले तर तासाला साधारण ४,००० चौरस मीटर होतात, म्हणजे एक एकर. हे कोरड्या गवताचं गणित. जुलैत गवत ओलं आणि गुडघ्याकडे निघालेलं असतं, वेग ३ वर आणावा लागतो आणि काम २,४०० वर येतं. अंगण १,५०० चौरस मीटरच्या आत असेल तर ढकलायचा मोवर घ्या, पैसे वाचतील. आणि ज्याला आपण भाट म्हणतो, माडांची, चुडतं-सोडणं पडलेली, मध्येच चिऱ्याचं टोक वर आलेली जागा, तिथे राइडिंग मोवर नकोच. तिथे ब्रश कटरच. एक चिरा लागला की बेल्ट घसरून इंजिन वाचतं, पण स्पिंडलचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या भागाचा, शाफ्ट वाकतो, आणि वाकलेल्या शाफ्टवर नवं पातं लावलं तरी डेक थरथरतच राहतो.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. मिस्त्रीकडून एक मीटरची पट्टी आणि लेव्हल घ्या. पट्टीचं एक टोक जमिनीवर टेकवून ती आडवी सरळ धरा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. २७ सेंटिमीटर भरलं तर उतार १५ अंशांचा. बहुतेक लॉन ट्रॅक्टरांच्या (स्टिअरिंगवाल्या साध्या राइडिंग मोवरांच्या) मॅन्युअलमध्ये हीच शेवटची मर्यादा असते, काहींत तर १० अंशच, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. हे आकडे कोरड्या जमिनीचे. ओल्या तांबड्या मातीवर, शेवाळ धरलेल्या कडेला त्याहून बरंच अलीकडे थांबायचं. चढ-उताराच्या दिशेने चालवा, आडवं नको. गडग्याच्या कडेचा शेवटचा पट्टा हातातल्या यंत्राने कापा.

आता डेक. तो दोन प्रकारे बनतो. एक, साच्यात दाबून काढलेला पत्रा. दुसरा, जाड पत्रे कापून वेल्डिंग केलेला. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे गिऱ्हाईक फसतं, कारण गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. घरगुती मॉडेलांचा दाबलेला डेक बहुधा १२ ते १३ गेजचा, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटर. वेल्डिंगचा १० गेजचा डेक जवळपास साडेतीन मिलिमीटर भरतो. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात हा एक मिलिमीटर म्हणजे काही वर्षांचा फरक. गंज सपाट भागाला आधी लागत नाही. स्पिंडलच्या बैठकीभोवती, डेक टांगायच्या कड्यांपाशी आणि ओलं गवत जिथे गच्च बसतं त्या कोपऱ्यांत तो सुरू होतो. किनाऱ्यालगत, कळंगुट किंवा कोलव्यासारख्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात, तर पहिल्याच पावसाळ्यात रंगाखाली फोड दिसतात. काम झालं की त्याच दिवशी लाकडी पट्टीने डेक आतून खरवडा. डेकवर पाण्याची नळी जोडायची सोय असते, ती वापरली तर नंतर दोन-तीन मिनिटं पाती फिरवून पाणी उडवून द्या. प्रेशर वॉशर मात्र स्पिंडलवर मारू नका, ग्रीस बाहेर जातं आणि पाणी आत बसतं. दर मे महिन्यात वायर ब्रश, रेड ऑक्साइड आणि वरून रंग. कंटाळवाणं काम, पण डेकचं आयुष्य त्यावरच आहे.

वाकलाच आहात तर स्पिंडलही तपासा. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात जाड मोजा. पात्याचं टोक धरून वर-खाली हलवा. किंचितही खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे. नव्या यंत्रात ती लागताच कामा नये, जुन्यात लागली तर किंमत पाडा. स्पिंडलचं घर बिडाचं असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमचं असेल आणि बोल्ट स्वतःच आटे पाडणारे असतील, तर दोन-तीनदा उघडल्यावर आटे जातात. ग्रीस निपल आहे म्हणून लगेच खूश होऊ नका. काही मॉडेलांत निपल असतं, पण आतली बेअरिंग दोन्ही बाजूंनी सीलबंद असते आणि ग्रीस तिच्यापर्यंत पोचतच नाही. डीलरला हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर देता आलं तर दुकानात मेकॅनिक आहे असं समजा.

सगळ्यात महागडी चूक गिअरबॉक्सची. आजच्या बहुतेक राइडिंग मोवरांत हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, ट्रान्समिशन असतं. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, पेडल दाबलं की पुढे. टफ टॉर्क कंपनीचं के-४६ हे अनेक ब्रँडांच्या स्वस्त ट्रॅक्टरांत बसवलेलं मॉडेल. सपाट लॉनवर ते उत्तम चालतं. पण तेल बदलायला त्याला ड्रेन प्लग नाही, पूर्ण काढून उलटं करावं लागतं, आणि रोजच्या चढासाठी ते बनवलेलंच नाही. तेल तापतं, पातळ होतं, आणि अर्ध्या तासाने चढावर पेडल पूर्ण दाबूनही गाडी रेंगाळते. थंड झाली की पुन्हा चालते, म्हणून मालकाला वाटतं बेल्ट सैल आहे. डिचोली, सत्तरी, काणकोण अशा चढ-उताराच्या भागात के-६६ किंवा त्या ताकदीचं, तेल बदलता येणारं ट्रान्समिशन मागा, जास्त पैसे लागले तरी. जे कुठलं असेल त्याच्या डोक्यावरचा छोटा पंखा दर आठवड्याला साफ करा. ओलं गवत त्यात अडकून वाळतं आणि थंड करणारी हवाच बंद होते. बंद पडलेली गाडी ढकलताना चाकं मोकळी करणारा बायपासचा दांडा ओढायला विसरू नका, आणि जीपला बांधून तर ओढूच नका.

बेल्टबद्दल एकच, पण महत्त्वाचं. म्हापशात किंवा मडगावात मापाला मिळणारा बी सेक्शनचा साधा व्ही-बेल्ट डेकवर बसतो खरा, पण चालत नाही. मोवरचा बेल्ट सतत सैल-घट्ट होत क्लचचं काम करतो, त्यासाठी अरामिड (केव्हलारसारख्या) धाग्याचा बेल्ट लागतो. साधा बेल्ट जळक्या रबराचा वास देत थोड्याच तासांत संपतो. मूळ बेल्टही वारंवार तुटत असेल तर दोष बेल्टचा नसतो. बेल्ट ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीची बेअरिंग हाताने फिरवून बघा, बहुतेकदा तिथेच अडकतं.

इंजिन कावासाकी एफआर मालिकेतलं, दोन सिलिंडरचं, मिळालं तर निर्धास्त घ्या. ओतीव लोखंडी लायनर, दाबाने तेल पुरवणारा पंप आणि तेलाचा फिल्टर, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. ब्रिग्ज किंवा कोहलरमध्येही तेलाचा फिल्टर असलेलं मॉडेल निवडा. आपल्या उकाड्यात एसएई ३० तेल बरं, १०डब्ल्यू-३० हे २७ अंशांच्या वर जास्त जळतं. नव्या इंजिनाचं पहिलं तेल ५ ते ८ तासांत बदला. आणि चावी फिरवल्यावर इंजिन अर्धा फेरा मारून अडकत असेल तर बॅटरी बदलायच्या आधी फीलर गेजने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. गॅप वाढला की सुरू होताना कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा काम करत नाही आणि स्टार्टर थकतो. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, तर बहुतेक छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा १० टक्क्यांची. वॉरंटीत हे बसतं का, डीलरकडून लिहून घ्या. कॅनमध्ये महिन्याभरापुरतंच पेट्रोल ठेवा, आणि मोसम संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा.

मॉडेलांचं सांगायचं तर, फोंड्याच्या बाजूची सपाट ३,०००-६,००० चौरस मीटरची जागा असेल तर ४२ इंची लॉन ट्रॅक्टर, साइड डिस्चार्जचा, म्हणजे कापलेलं गवत बाजूला फेकणारा. गवत आतच बारीक व्हावं म्हणून लावायचं मल्चिंगचं झाकण पावसाळ्यात काढूनच ठेवा, ओलं गवत डेकमध्ये लगदा होऊन बसतं. आंबा-चिकूच्या खालच्या फांद्यांमधून जायचं असेल तर हुस्क्वर्नाचा रायडर वेगळा ठरतो. त्याचा डेक पुढे असतो, गाडी मधोमध वळते आणि डेक उभा करून साफ करता येतो. महाग आहे, पण आपल्या हवेत उभा होणारा डेक ही चैन नव्हे. झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारा मोवर, रिसॉर्टची लॉन आणि फुटबॉल मैदानासाठी. वेग दुप्पट, पण ओल्या उतारावर पुढची चाकं काही धरत नाहीत, दांड्यांनी सुकाणू करायची म्हणजे मागची चाकं घसरली की सुकाणूही गेलं. घराच्या उतरत्या अंगणाला तो नको.

टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे, बहुधा पुढे १४ आणि मागे १० पीएसआय. पंक्चरवाला सवयीने ३० भरतो, मग डेक तिरका होतो, एका बाजूचं गवत मुळापासून सोलून निघतं आणि दोष पात्याला जातो. सीटखालचा स्विच जोडून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा. माणूस उतरला की पाती थांबलीच पाहिजेत.

सौदा ठरवताना एक डेक बेल्ट, पात्यांचा एक संच, एक पूर्ण स्पिंडल, फ्युएल फिल्टर आणि प्लग त्याच बिलात घ्या, आणि मॉडेल नंबरची पाटी मोबाईलवर टिपून ठेवा, ती बहुधा सीटखाली असते आणि सगळ्यात आधी तीच पुसली जाते. शक्य असेल तर ट्रायल आपल्याच जागेवर, जूननंतर, सगळ्यात उभ्या चढावर मागा. पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका. चाळीस मिनिटं कापून गिअरबॉक्स तापल्यावर तोच चढ पुन्हा चढायला सांगा.